वर पाणी येत नाही

धाकटी जाऊ येणार की नाही, एवढंच थोरलीला कळायला हवं होतं. बाकी घराचं काय व्हायचं ते होवो. विकत घेणाऱ्याला आधी घर तपासून हवं होतं, मुलाने त्याला होकार देऊन टाकला होता, आणि वरचा मजला दिराच्या नावावर असल्यामुळे त्याला बोलावणं भाग होतं. दीर फोनवर "येतो" म्हणाला. एकटाच येतो की जोडीने, हे काही बोलला नाही, आणि विचारायची थोरलीची हिंमत झाली नाही. तेव्हापासून तिचे चहाचे कप घासून पुसून तयार होते. त्यात कान तुटलेला एक निळा कपही होता. तो धाकटीचा. ती घर सोडून गेल्यापासून त्यातून कुणी चहा प्यालं नव्हतं.

"आई, तो टाक की आता," मास्तर म्हणाला. तिचा हा एकुलता एक मुलगा शाळेत मास्तर होता आणि घरी आला तरी मास्तरच राहायचा. "तपासणी घराची आहे, कपांची नाही."

"असू दे. चांगला आहे."

"कान नाहीये त्याला."

"तुला दोन आहेत, तरी तू कुठे ऐकतोस?"

मास्तर हसला आणि त्याने विषय सोडून दिला. आई आता आपल्याकडे राहायला येणार, जिने चढणं-उतरणं नाही, गळती नाही, एवढ्याच समाधानात तो होता. घर विकताना आईला काय काय विकावं लागणार आहे, याचा त्याने विचार केला नव्हता असं नाही. पण केला की त्याला झोप लागायची नाही, म्हणून तो करत नसे.

तपासनीस बाई वेळेवर आली. जाड तळव्याचे बूट, कमरेला टॉर्च, हातात भिंतीतली ओल मोजायचं छोटं यंत्र. तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. काहीही सापडलं की आधी म्हणायची, "घाबरू नका, किरकोळ आहे." आणि माणूस सुटकेचा श्वास घेतोय तोच म्हणायची, "पण असंच ठेवलंत तर किरकोळ राहणार नाही."

खालच्या मजल्यावर तिला भरपूर किरकोळ सापडलं. विजेच्या पेटीत फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसवलेली होती. खिडकीची सैल चौकट दाढीच्या ब्रशच्या दांड्याची पाचर मारून घट्ट केलेली होती. आणि गिझरची जास्तीची वाफ ज्या तोंडातून बाहेर पडायची, त्या तोंडात चक्क लाकडी खुंटी ठोकलेली होती.

"हे कुणी केलंय?" बाईने टॉर्च तसाच धरून विचारलं.

"आमच्या ह्यांनी," थोरली म्हणाली. आवाजातला अभिमान तिला लपवता आला नाही. "ते थेंब थेंब गळत होतं ना."

"ते गळायलाच हवं असतं."

"हो? मग इतकी वर्षं आम्ही बाँबखाली आंघोळी केल्या म्हणायच्या," मास्तर म्हणाला.

थोरलीने त्याच्याकडे रागाने पाहिलं. गेलेल्या माणसाच्या कामाची टिंगल तिला खपत नसे. या घराचा दंडकच तसा होता. सासरे गवंडी, घर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं आणि सांगून ठेवलं, की या घराला बाहेरच्या माणसाचा हात लावायचा नाही. दोन्ही मुलगे त्याच वळणाचे निघाले. नळ गळो, दार फुगो, पंखा कुरकुरो, दोघे भाऊ पान्हा आणि सुतळी घेऊन हजर. प्लंबरला बोलावणं म्हणजे गावासमोर नाक कापून घेणं. थोरल्याने मरेपर्यंत हा नेम पाळला आणि घराने त्याला जमेल तेवढी साथ दिली.

फाटक वाजलं. थोरलीने खिडकीतून पाहिलं. आधी दीर आला, पाठीत वाकलेला. मागून त्याची मुलगी चिमी, जी आता चिमी म्हणावं इतकी लहान राहिली नव्हती. आणि फाटकाला हात लावून, आत यावं की न यावं अशी, धाकटी उभी होती. तिचे केस पांढरे झाले होते. थोरलीला वाटलं, हे पांढरे होताना आपण पाहायला हवे होते.

"ये ना आत," ती दारात जाऊन म्हणाली.

"बऱ्या आहात ना ताई?"

"बरी आहे. चहा टाकते."

"आधी वरचं बघून घेते," धाकटी म्हणाली, आणि बाहेरच्या जिन्याने वर निघून गेली. तिची पावलं थोरलीने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने निळ्या कपात चहा ओतला, आणि तो गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली.

*

वरच्या मजल्याचं कुलूप उघडायला चिमीला खांदा लावावा लागला. आत कोंदट वास होता, आणि न्हाणीघराच्या दाराशी तर नाकाला पदर लावायची पाळी.

"गटार फुटलंय का?" तिने विचारलं.

"नाही. या जाळीखाली वाकड्या नळीत थोडं पाणी कायम राहतं, ते वास अडवतं," तपासनीस बाई म्हणाली. "माणसं गेली, पाणी पडायचं थांबलं, की ते सुकून जातं. बादलीभर पाणी ओता, वास जाईल."

चिमी या घरात जन्मली होती, पण तिला घर आठवत होतं ते बाबांच्या बोलण्यातून. बाबांच्या बोलण्यात एकच घर होतं: खाली पाणी धो धो, वर थेंब नाही, आणि मोठे काका हसून म्हणतायत, दाब कमी आहे. "माझ्या सख्ख्या भावाने माझं पाणी तोडलं," हे वाक्य ऐकत ती मोठी झाली. आई यातलं काहीच बोलायची नाही. मात्र त्यांनी जेवढी घरं बदलली, त्या प्रत्येक घरात आई सामान उतरायच्या आधी नळ सोडून बघायची, "येतंय" म्हणायची, आणि मग बराच वेळ गप्प राहायची. चिमीला लहानपणी वाटायचं, पाणी आलं म्हणून आईला वाईट का वाटतं?

तपासनीस बाईने मोरीतला नळ सोडला. नळाने आधी खोकला काढला, मग लाल पाणी, मग शिवणाच्या दोऱ्याएवढी धार.

"खालच्या नळाला तर चांगला जोर होता," बाई म्हणाली.

चिमीचे बाबा, म्हणजे मास्तरचे काका, इतका वेळ दाराला टेकून उभे होते. ते एकदम पुढे आले. "बघा! बघून घ्या! इतकी वर्षं मी हेच सांगतोय. लिहा तुमच्या अहवालात!"

"काका, जुना पाइप आहे, गंजला असेल," वर आलेला मास्तर म्हणाला.

"तेव्हा नवा होता रे! तेव्हा काय झालं होतं?"

"बाबांनी काही केलं नव्हतं. मरेपर्यंत सांगत होते ते."

"सांगायला काय जातं?" चिमी मध्ये पडली. "दादा, ताप आलेलं पोर घेऊन माझी आई इथे बसली होती. ते पोर मी होते."

"म्हणून आता याचं खापर खालच्या मजल्यावर फोडायचं? तपासणीत वरचा मजला नापास झाला तर तो आमच्यामुळे?"

"मग कुणामुळे?"

धाकटी खिडकीपाशी उभी राहून खाली अंगणात पाहत होती. ती या बोलण्यात नव्हतीच.

"तुमचं झालं की सांगा," तपासनीस बाई शांतपणे म्हणाली. "वर येणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"फाटकापाशी," काका म्हणाले. "पूर्ण उघडा आहे. भाऊ मला दर वेळी दंडाला धरून न्यायचा आणि दाखवायचा. बघ, उघडा आहे. बघ!"

"तो अख्ख्या घराचा. वरचा फाटा आतून कुठेतरी निघतो, त्याला वेगळा असणार. घर बांधणाऱ्याने ठेवला नसेल असं होत नाही."

काका सगळ्यांच्या आधी जिना उतरायला लागले.

*

पाइपाचा माग मागच्या खोलीत येऊन संपला, तिथे थोरलीचं लोखंडी कपाट होतं. स्वयंपाकघरातली मोरी या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलवली, त्या उन्हाळ्यात कपाटही इथे आलं होतं. जागा तिनेच दाखवली होती. इथे उजेड डोळ्यांवर येत नाही, म्हणून.

"कपाट हलवावं लागेल," बाई म्हणाली.

मास्तर एका बाजूने लागला. कपाट हलेना. मग काही न बोलता चिमी दुसऱ्या बाजूने लागली. "आधी माझ्याकडे," "थांब, पाय अडकलाय," "दादा, उचल ना, ढकलतोस काय," असं करत दोघांनी कपाट भिंतीपासून सोडवलं. मागे भिंतीच्याच रंगात रंगवलेली लहानशी लाकडी झडप होती. बाईने ती पेचकसाने उचकटली. आत गंजलेलं गोल चाक होतं.

तिने चाक फिरवलं. ते फिरलं, फिरतच राहिलं, आणि भिंतीत कसलाही आवाज झाला नाही.

"दांडा आतून तुटलाय," ती म्हणाली. "चाक फिरतंय, पण आतली पाती जागची हलत नाही. ती खाली पडून राहिली आहे, जेमतेम फट ठेवून. कुणीतरी हा बंद केला असणार, आणि उघडताना दांडा तुटला. उघडणाऱ्याला कळलंही नसेल. त्याला वाटणार, पूर्ण उघडला."

"कधी तुटला असेल?" मास्तरने विचारलं.

"आतला गंज बघता पुष्कळ वर्षं झाली."

काका कपाटाला धरून उभे होते. त्यांना मोरी हलवायचा तो दिवस दिसत होता. भाऊ या कोनाड्याशी उकिडवा बसलेला, आपण मागे टॉर्च धरून. दोघांच्या अंगावर सिमेंट. भाऊ काहीतरी आचरट बोलला होता आणि हसण्याच्या भरात टॉर्च हलला, म्हणून त्याने शिवी दिली होती. ते दोघे शेवटचं कधी हसले, हे काकांना कधी आठवायचं नाही. ते हे होतं.

"मी विचारलं होतं त्याला," काका म्हणाले. "उघडला ना? तर म्हणाला, पूर्ण. मग पुढे कपाट आलं आणि हे चाक मी विसरूनच गेलो." मग चाकाकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे तो खोटं बोलत नव्हता."

काका हळूहळू खाली बसले, थेट फरशीवर, आणि त्यांनी तोंडावर हात घेतले. चिमी त्यांच्याजवळ जायला वळली, पण मास्तर आधीच तिथे बसला होता. त्याने काकांच्या पाठीवर हात ठेवला. वडील गेले तेव्हा हा माणूस फाटकाबाहेर उभा राहून परत गेला होता, आणि ते मास्तरने मनात ठेवलं होतं. आत्ता ते त्याला सापडेना.

थोरलीने मान वर केली तर दारात धाकटी. केव्हा खाली आली होती कोण जाणे. उंबरठ्याच्या आत पाऊल मात्र होतं.

"चिमीला ताप होता, त्या दिवशी तुम्ही चादरी धूत होतात ताई," धाकटी म्हणाली. "अंगणात. पाणी नुसतं वाहत होतं. मी वरून बघत होते. वर नळाला नुसतं सूं सूं."

"दिसलीस मला खिडकीत."

"मग?"

"मला वाटलं, बादली घेऊन येशील. रोज यायचीस."

"त्या दिवशी नाही आले."

"नाही आलीस," थोरली म्हणाली. "मी नळ बंदच केला नाही बराच वेळ. चादरी धुऊन झाल्या तरी."

खरं म्हणजे वर पाणी नव्हतं तो काळ थोरलीच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता. हे ती कुणाला सांगू शकली नसती. सकाळी पुरुष कामाला गेले की जिन्यावर बादलीची कडी वाजायची. "ताई, वर पाणी येत नाहीये," म्हणत धाकटी आत यायची, आणि बादली भरेपर्यंत दोघी बोलायच्या. खालच्या नळाला जोर फार, बादली भरून जायची आणि बोलणं अर्धं राहायचं. मग ते दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू व्हायचं. भाऊ भांडायला लागले ते याच पाण्यावरून. त्यांना वाटलं, बायकांना त्रास होतोय. बायकांना कुणी विचारलं नाही.

*

दुपारी प्लंबर आला. घराला पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाचा पान्हा लागत होता, आणि काका खुर्ची टाकून शेजारी बसले होते, जणू कुणाचं ऑपरेशन चाललंय. प्लंबरने जुनं चाक काढून त्यांच्या हातात दिलं. नवीन व्हॉल्व्हला लाल दांडी होती. आडवी केली की बंद, उभी केली की चालू. "लहान पोरालाही जमेल," प्लंबर म्हणाला.

वर चिमीने नळ सोडला आणि ओरडली. पाणी असं आलं की समोरची भिंत भिजली.

"उद्या सकाळी येऊन एकदा जोर मोजते, की झालं," तपासनीस बाई बूट घालताना म्हणाली. "घर पास. बाकीचं सगळं किरकोळ आहे." या वेळी ती तेवढंच म्हणाली.

ती गेल्यावर काका एकदम म्हणाले, "वहिनी, विकायलाच हवं का?"

मास्तरने हातातला कप खाली ठेवला. "काका! सगळं ठरल्यावर?"

"ठरवताना मीही हो म्हटलं होतं. मी आता विचारतोय."

"बाबा, तुम्हाला जिना चढवत नाही," चिमी म्हणाली. "सकाळी मध्ये दोनदा थांबलात."

"बरोबर बोलतेय ती," मास्तर म्हणाला. सकाळी एकमेकांना खाऊ की गिळू करणारी ही दोघं आता एका बाजूला होती आणि म्हातारी माणसं दुसऱ्या. निदान काका तरी. थोरली धाकटीकडे बघत होती. धाकटी एक शब्द बोलली असती तर थोरलीने सगळ्यांशी भांडण काढलं असतं, घेणाऱ्याला दारातून परत पाठवलं असतं.

"विकू दे," धाकटी म्हणाली. "आता कुणाचे गुडघे राहिलेत?"

थोरलीने कप गोळा केले. निळा कप तसाच भरलेला होता. तिने तो मोरीत ओतला आणि विसळला. तिला रडू आलं, पण नळ चालू होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

वरचं सगळं झाडून पुसून काढलं, जाळीत बादलीभर पाणी ओतलं, आणि धाकटीकडची माणसं रात्रीपुरती वर राहिली. इतक्या वर्षांनी डोक्यावर पावलं वाजत होती. थोरली ती ऐकत पडून राहिली.

*

सकाळी उठून ती आधी मागच्या खोलीत गेली. कपाट अजून भिंतीपासून दूरच होतं. कोनाड्यातली लाल दांडी उभी होती. तिने दांडीवर हात ठेवला. धातू गार होता. नुसती आडवी करायची. वर पाणी थांबेल. थोड्या वेळाने जिन्यावर कडी वाजेल. एकच सकाळ. तपासनीस यायच्या आत परत उभी करून ठेवता येईल. कुणाला कळणार आहे?

मग तिच्या मनात आलं, जे ह्यांनी कधी केलं नाही आणि ज्याचा डाग घेऊन ते गेले, ते आज मी करणार? ह्यांचं नाव कालच कुठे धुतलं गेलंय. तिने हात काढून घेतला. पदराने दांडीवरचे बोटांचे ठसेही पुसले, वेड्यासारखं. आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. आता आयुष्यात पुन्हा ती कडी वाजणार नव्हती. पाणी सगळीकडे पोचत होतं, कुणाला कुणाकडे जायची गरज नव्हती.

भिंतीतला पाइप घुमायला लागला. वर कुणीतरी आंघोळीला बसलं होतं. दीरच असणार, तो आंघोळ करताना खाकरतो, ते खाली ऐकू येत होतं. पाणी धो धो पडत होतं.

जिन्यावर कडी वाजली.

थोरली हलली नाही. तिला वाटलं, कानाला भास झाला. पण पावलं उतरत आली, एकेका पायरीवर थांबत, गुडघ्यांना सांभाळत, आणि दारात धाकटी उभी राहिली. हातात रिकामी बादली.

"ताई," ती म्हणाली, "वर पाणी येत नाहीये."

भिंतीतून पाण्याचा आवाज दोघींना चांगला ऐकू येत होता. धाकटीने नजर चुकवली नाही.

"हो का?" थोरली म्हणाली. "ये. बस."

तिने बादली घेतली, नळाखाली ठेवली, आणि नळ सोडला. भसकन पाणी आलं. तिने चटकन तोटी मागे फिरवली, आणखी थोडी फिरवली, धार दोऱ्याएवढी होईपर्यंत. मग निळा कप पुढे ओढून ती धाकटीसमोर बसली.